तळं घरचं, तंबू परगावी

शनिवारी दुपारी बोरिवलीत पश्चिम द्रुतगती महामार्गावर, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी थोडा वेळ उभं राहावं. पाठीवर सॅक, पायात कोरे बूट, कुणाच्या खांद्यावर गिटार, कुणाच्या हातात ब्लूटूथचा स्पीकर, असा पंचविशीतल्या पोरापोरींचा घोळका तिथे हमखास भेटतो. आता ही मंडळी फाटकातून आत शिरतील असं वाटतं. पण त्यांची पाठ उद्यानाकडे असते आणि डोळे रस्त्याकडे. त्यांच्या लेखी उद्यानाचं फाटक हा बसचा थांबा. बस येते, यांना भरून घेते, अंधेरी, सायन, वाशी अशी माणसं गोळा करत घाट चढते आणि उन्हं कलताना पवना धरणाच्या काठी नेऊन सोडते. तिथे पाणी, भोवती डोंगर, काठावर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी पोहे. रविवारी दुपारी परतीची बस. मुलुंड आणि घाटकोपरची पोरं वेगळ्या बसने जातात, पोचतात तिथेच.

ज्या फाटकाकडे पाठ करून हे उभे असतात, त्याच्या आत काही किलोमीटरवर तुळशी तलाव आहे. त्याच्या दक्षिणेला विहार. विहारच्या खाली पवई. तुळशीच्या चहूबाजूंनी डोंगर, पाण्यापर्यंत उतरलेली झाडी, आणि काठावर माणसाच्या जातीचं चिटपाखरू नाही. खरी पाखरं मात्र भरपूर. तळ्याकाठच्या रानात तंबू ठोकायचा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते अख्खं उपनगराच्या मधोमध पडून आहे. आणि तिथे एक रात्र काढण्याची सोय नाही. दिवसासुद्धा काठापर्यंत जाता येत नाही. उद्यानातल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या रखवालदाराला विचारावं, ‘‘दादा, तुळशीला कसं जायचं?’’ तर उत्तर ठरलेलं. ‘‘तुळशी बंद आहे. कान्हेरीला जा.’’

हे बंद का, याचं उत्तर दीडशे वर्षांमागे आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, तेव्हाही मुंबईकर विहिरींचं आणि उघड्या तळ्यांचं पाणी पीत होते. पाऊस कमी झाला की विहिरी तळ गाठत. १८५६ मध्ये साष्टीच्या डोंगरात मिठीच्या खोऱ्यावर धरण बांधायला घेतलं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं. आराखडा हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरचा. मुंबईचा नळ म्हणतात तो तिथून सुरू होतो. शहर वाढलं, विहार पुरेना, म्हणून १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी पूर्ण झाला. १८९१ मध्ये पवई झाला. त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही, म्हणून तो पिण्याच्या पुरवठ्यातून वगळला गेला. पुढे तानसा, वैतरणा, भातसा अशी धरणं दूरदूर होत गेली. आज सात तलावांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या घरात जाते. त्यात विहार २७,६९८ आणि तुळशी अवघा ८,०४६. शहराच्या रोजच्या पाण्यात या दोघांचा वाटा तीन टक्क्यांच्या आत. तरीही दर पावसाळ्यात ‘तुळशी भरला’ ही बातमी पहिल्या पानावर येते आणि मुंबईकराचा जीव भांड्यात पडतो.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून या तळ्यांभोवतीचं रान राखलं गेलं. आज आपण १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान म्हणून जे मिरवतो, त्याचा गाभा हा तळ्यांचा पाणलोट आहे. रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा, ‘संजय गांधी’ हे नाव, वाघ-सिंहांची सफारी, हे सगळं नंतरचं. मुंबईला जंगल मिळालं ते पाण्याच्या पोटी. महापालिकेने पाण्याला कुंपण घातलं नसतं तर बिल्डरांनी तुळशीच्या काठावर ‘लेक व्ह्यू’ टॉवर कधीच उभे केले असते. पवईला काय झालं ते डोळ्यांसमोर आहे.

पवईची गोष्ट इथे थोडी लांबवतो, कारण खुला काठ म्हणजे काय होतं ते तिथे दिसतं. पिण्याच्या पाण्यातून बाद झाल्यावर पवईला राखणदार उरला नाही. एका अंगाला आयआयटी, दुसऱ्या अंगाला हिरानंदानीचे टॉवर, पाण्यावर जलपर्णी, भादव्यात गणपतींचं विसर्जन. एवढं होऊनही त्या पाण्यात मगरी टिकून आहेत, हे नवल. गळ टाकून मासे धरणाऱ्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था याच काठावरची. या तळ्याभोवती सायकल आणि जॉगिंगचा मार्ग करायचं महापालिकेने मनावर घेतलं. नागरिकांना मोकळी हवा, व्यायाम, पर्यटन; हेतूला नावं ठेवायला जागा नव्हती. काम सुरू झालं, दगड आणि भराव पाण्यात पडू लागले. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून भराव काढून टाकायला सांगितला. त्या निकालाने तेव्हा बरेच सायकलवाले हिरमुसले होते. मला तो निकाल तेव्हाही पटला होता. मनोरंजनासाठी तळ्याचा काठ बुजवायचा आणि मग त्या उरलेल्या तळ्याकडे बघत सायकल चालवायची, यात मुळातच काहीतरी चुकलेलं आहे.

तुळशी-विहारच्या काठी रात्री तंबू नको, याला पाण्याइतकंच दुसरं कारण बिबट्याचं. २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या गणनेत उद्यान आणि आसपासच्या पट्ट्यात ३५ बिबटे मोजले गेले. २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाटीने बिबटे राहतात अशी ठिकाणं जगात फार नाहीत. एका बाजूला बोरिवली-कांदिवली-गोरेगाव, दुसऱ्या बाजूला ठाणे-मुलुंड-भांडुप, मध्ये हे. अंधार पडला की पाण्याच्या वाटा त्यांच्या होतात. चितळ, सांबर पाण्याला येतात, त्यांच्या मागावर हे येतात, आणि काठावर सुसरीसारखी पसरलेली मगर पाण्यात सरकते. तिथे तंबू ठोकायचा म्हणजे दुसऱ्याच्या दारात पथारी पसरायची.

२००४ हे साल उपनगरवासी विसरलेले नाहीत. त्या वर्षी बिबट्यांच्या हल्ल्यांत उद्यानाच्या कडेला एकामागून एक माणसं दगावली. मुलुंड, भांडुप, आरे इथे संध्याकाळी पोरांना खाली खेळायला सोडायची सोय राहिली नव्हती. पिंजरे लावा, पकडा, हलवा, असा धोशा सुरू झाला. पुढे जुन्नर भागातल्या आणि इथल्या अभ्यासातून विद्या अत्रेया आणि इतरांनी दाखवून दिलं की एका जागचा बिबट्या उचलून दुसऱ्या जागी सोडला की उपद्रव कमी न होता वाढतो. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावचळतं, आपल्या मूळ जागेकडे निघतं आणि वाटेत माणसांच्या वस्त्या लागतात. २०११ मध्ये वन खातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र येऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. सांगणं साधं होतं: कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की बिबट्या वस्तीत येणार नाही, पहाटे-रात्री पोरांना एकटं बाहेर पाठवू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका. पिंजऱ्यांपेक्षा या गोष्टींनी जास्त काम केलं.

वारल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवर वाघोबा हा देव आहे. त्याला शेंदूर लागतो, नैवेद्य दाखवला जातो, आणि त्याच्या वाटेवरून रात्री कामाशिवाय कुणी फिरत नाही. या पाड्यांवरचं जिणं आणि कॅम्पिंग यांची सांगड घालताना मला थोडं चमत्कारिक वाटतं. शहरातली माणसं अंधारात, चुलीजवळ, विजेशिवाय एक रात्र काढायला पैसे मोजतात. आरेतल्या काही पाड्यांवर वीज पोचायला एकविसावं शतक उजाडून बरीच वर्षं जावी लागली. त्यांच्या राहण्याच्या हक्काचा प्रश्न अजून कोर्टकचेऱ्यांत आणि सरकारी फायलींत अडकलेला आहे. तेव्हा ‘जंगलात राहण्याचा आनंद’ ही शब्दयोजना उद्यानाच्या आत उभं राहून जपूनच वापरावी.

मात्र या रानात मुक्काम करण्याची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. मुंबईतला सगळ्यांत जुना मुक्काम इथलाच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्खूंनी कृष्णगिरीवर, म्हणजे आजच्या कान्हेरीत, लेणी खोदायला सुरुवात केली आणि पुढे हजारेक वर्षं ती वस्ती नांदली. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. चैत्यगृह आणि त्यातल्या उंच बुद्धमूर्ती बघून बहुतेक लोक मागे फिरतात. माझा आग्रह असा की वर चढावं आणि एखाद्या साध्या, कोरीवकाम नसलेल्या खोलीत शिरावं. पुढे लहान अंगण, एका कडेला बसायचा दगडी बाक, मग पडवी, मग आत खोली, आणि खोलीत भिंतीला लागून एका माणसाला आडवं होता येईल एवढाच दगडी ओटा. उंबऱ्याशी दाराची चौकट बसवायच्या खोबणी अजून दिसतात. आणि बाहेर, उजव्या नाहीतर डाव्या हाताला, जमिनीत खोदलेलं पाण्याचं टाकं. डोंगरउतारावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी या टाक्यांकडे वळवलेलं आहे. पावसाळ्यात गेलात तर त्या पन्हळींतून पाणी आजही टाक्यांत पडताना दिसतं. टाक्यांशेजारी ब्राह्मी लेख आहेत: कल्याणच्या अमक्या व्यापाऱ्याने, सोपाऱ्याच्या तमक्याने, हे टाकं, ही खोली, संघाला दान दिली. म्हणजे आजच्या भाषेत, प्रायोजकाची पाटी.

भिक्खू एरवी फिरतीवर असत. पावसाळ्याचे महिने मात्र एका जागी थांबायचं, वाटेतल्या कोवळ्या पिकांना आणि किड्यामुंग्यांना तुडवायचं नाही, असा दंडक होता. त्याला वर्षावास म्हणतात. एक माणूस, एक ओटा, एक टाकं, डोक्यावर कोरडं छत. तळ्यावर न जाता पाणी आपल्या दारात साठवायचं. मुंबईच्या पावसात मुक्कामाला याहून चांगली व्यवस्था पुढच्या दोन हजार वर्षांत कुणाला सुचलेली नाही. आता अर्थात संध्याकाळ झाली की रखवालदार शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली काढतात.

उपनगरातल्या मराठी माणसाला डोंगराची गोडी लागली ती बरीच अलीकडे. गिरिविहार ही संस्था १९५४ ची. मुलुंडचे चक्रम हायकर्स, आणि त्यांच्यासारखी गल्लोगल्ली उगवलेली मंडळं, यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत कसारा आणि कर्जत लोकलचे शनिवार रात्रीचे डबे भरून टाकले. कान्हेरीच्या कातळांवर कित्येकांनी प्रस्तरारोहणाचे पहिले धडे गिरवले. या पिढीकडे तंबू नव्हता. परवडतही नव्हता. पायथ्याच्या गावात मारुतीचं देऊळ नाहीतर शाळेचा व्हरांडा, अंथरायला सतरंजी, पांघरायला घरची चादर. सरपंचांना नाहीतर पोलीस पाटलांना आधी जाऊन सांगायचं. ‘‘काका, आम्ही मुंबईची पोरं, रात्री देवळात पडू का?’’ काका विचारत, जेवलात का. मग कुणाच्या तरी घरून भाकरी आणि पिठलं यायचं. निघताना देवळाचा ओटा झाडून द्यायचा, दानपेटीत पैसे टाकायचे, आणि पुढल्या खेपेला त्या घरच्या पोरांसाठी वह्या न्यायच्या. चक्रमचा ‘सह्यांकन’ हा अनेक दिवसांचा पदभ्रमणाचा कार्यक्रम याच वळणाचा. शिस्तीत चालायचं, वाटेतल्या गावांशी नातं ठेवायचं. त्या काळाचे गोडवे गाणारे आता साठी ओलांडलेत आणि दर वेळी तेच किस्से सांगतात, हेही खरं. पण एक गोष्ट त्यांना नीट ठाऊक होती: डोंगर आपला नाही, आपण पाहुणे आहोत.

पवनेला हा धागा तुटलेला दिसतो.

पवनेचं खोरं देखणं आहे, यात वाद नाही. तुंग आणि तिकोना हे दोन सुळके पाण्याच्या अल्याडपल्याड, मागे लोहगड आणि विसापूर. लोहगड तर २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. धरण साठ-सत्तरच्या दशकांतलं. गेल्या दहा-बारा वर्षांत ठाकुरसई, फांगणे, आंबेगाव अशा काठच्या गावांत तंबूंची रांग लागली. सगळीकडे कार्यक्रम सारखाच: चार वाजता आगमन, चहा-भजी, अंधार पडला की कोळशावर भाजलेलं चिकन नाहीतर पनीर, मोठ्या पडद्यावर गाणी, जेवण, शेकोटी, सकाळी पोहे, अकराला रवानगी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निळे-केशरी तंबू इतके खेटून लागतात की एकाच्या दोऱ्या दुसऱ्याच्या खुंट्यांत गुंततात. रात्री तंबूत पडलं की शेजारच्या तंबूतलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि तीन कॅम्पांची तीन वेगवेगळी गाणी एकदम. तिकोन्यावर चांदणं पडलेलं असतं. तिकडे बघायला कुणी मोकळं नसतं.

पहाटे उठलं की तंबूचं कापड आतून ओलं. नवखे लोक तंबू गळतो म्हणून मालकाशी हुज्जत घालतात. गळत काही नाही. रात्रभर दोघातिघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. डोंगरावरची थंड हवा रात्री खाली उतरून खोलगटात, म्हणजे नेमकी पाण्याकाठी, साचते. तिथली हवा आधीच दमट. म्हणून जाणते लोक तंबू पाण्याला चिकटून लावत नाहीत. थोड्या चढावर, मोकळ्या पण वाऱ्याला आडोसा असलेल्या जागी लावतात आणि कितीही थंडी असली तरी जाळीची खिडकी चार बोटं उघडी ठेवतात. त्या खिडकीचं आणखी एक काम आहे. विझत आलेल्या कोळशांची शेगडी उबेसाठी तंबूत घेऊन, चेन लावून झोपणारे महाभाग असतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. शेगडी तंबूबाहेर, एवढा एक नियम प्रत्येक कॅम्पवर ठळक अक्षरांत लिहून लावला पाहिजे.

दुसरा नियम पाण्याचा. धरणाचा काठ चौपाटीसारखा हळूहळू खोल होत जात नाही. खाली बुडालेली शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत, आणि सगळ्यावर गाळ. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावरून पाणी, आणि पाय गाळात रुतलेला. शहरात तरणतलावात पोहणारेही इथे बुडतात. दारू प्यायलेले आधी. दर हंगामात बातम्या येतात, चार दिवस बंदोबस्त लागतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

त्या पाण्याखाली जे बुडालंय ते कुणाचं, हे मात्र बसमधल्या पोरांना कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. काही महिने लोक दर्शनाला जातात, मग पाऊस येतो आणि देव पुन्हा पाण्यात. धरणात जमिनी गेलेल्यांपैकी अनेकांचं पुनर्वसन अर्धं शतक उलटूनही पुरं झालेलं नाही. हे पाणी पिंपरी-चिंचवड पितं. ते बंद नळाने न्यायचं ठरलं तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. कॅम्पिंगची बस त्याच रस्त्याने जाते.

तेव्हा काठच्या गावातल्या एखाद्या पोराने उरलेल्या वावरात दहा तंबू लावले, आईच्या हातच्या भाकऱ्या पाहुण्यांना वाढल्या आणि चार पैसे मिळवले, तर त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही. उलट धरणाने जे ओरबाडलं त्यातलं थोडं त्याला असं परत मिळत असेल तर मिळूच दे. माझी तक्रार वेगळी आहे. मुंबईने आपल्या पिण्याच्या तळ्याला कुंपण घातलं आणि दीडशे वर्षं त्याच्या काठी कुणाला फिरकू दिलं नाही. तीच मुंबईची पोरं दुसऱ्या शहराच्या पिण्याच्या पाण्याकाठी जाऊन खरकटी ताटं, बाटल्या आणि राख टाकून येतात. शंभर तंबूंमागे संडास किती, आणि त्यांचं पाणी जातं कुठे, हा प्रश्न आरक्षण करताना विचारून बघा. समोरचा एकदम शेकोटीबद्दल बोलायला लागतो.

सरकारी पातळीवर काही झालेलं नाही असं नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा, प्रथमोपचार अशा अटी आहेत. कागद चांगला आहे. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला, भंडारदऱ्याला लोटणाऱ्या गर्दीला वन खात्याने वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध घालून पाहिले आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तसं करता येतं, कारण तिथे अंमल वन खात्याचा आहे. पवनेला जमीन कुणाची, पाणी कुणाचं आणि जबाबदारी कुणाची, यावर तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

पुन्हा घरच्या तळ्याकडे. अधूनमधून कुणीतरी सूचना करतो की तुळशी-विहारचा काठ ‘इको-टुरिझम’साठी खुला करा: मोजके तंबू, मोजके पाहुणे, चढे दर. महसूल मिळेल, उपनगरातल्या तरुणांना दूर जावं लागणार नाही. ही सूचना गोड वाटते, म्हणूनच तिच्याशी जपून वागलं पाहिजे. मोजके तंबू मोजके राहत नाहीत, हे पवनेने दाखवलं. काठ एकदा खुला झाला की काय होतं, हे पवईने दाखवलं. शिवाय या रानावर आधीच ताण कमी नाही: गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे आणि ठाणे-बोरिवलीचे जुळे बोगदे त्याच्या पोटाखालून जायचे आहेत. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विहार-पवईच्या सांडव्यातून निघणाऱ्या मिठीने काय केलं ते कुर्ला, कलिना, साकीनाक्याच्या लोकांना विचारा. या डोंगरांवर झाडी माती धरून होती म्हणून बरं, नाहीतर पाणी आणखी वेगाने खाली आलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: तुळशी आणि विहार बंदच राहू द्यावेत. शहरातल्या प्रत्येक सुंदर जागी आपल्याला चटई टाकून बसता आलंच पाहिजे, असा काही हक्क नसतो.

पण रान बंद नाही. शिलोंड्याची वाट आहे. ठरावीक दिवशी परवानगी काढून, माहीतगारासोबत जांभूळमाळावर जाता येतं. मुंबईतला हा सगळ्यांत उंच माथा, तिथून तुळशी, विहार, पवई तिन्ही पाणी एका नजरेत येतात. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे पक्षी-फुलपाखरांच्या फेऱ्या आणि मुक्कामी शिबिरं होत आली आहेत. गोरेगावला फिल्मसिटीशेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र आहे. संस्था १८८३ सालची, तिथली माणसं रान दाखवायला बसलेली आहेत. कारवी दर आठ वर्षांनी फुलते: २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली, आता २०३२. त्या वर्षी डोंगर जांभळे होतात आणि ते बघायला घाट चढावा लागत नाही.

राहता राहिला मुक्काम. तुळशी आणि विहार हे तलाव महापालिकेचे. मुंबईतल्या सगळ्यांत जास्त गरीब पोरांच्या शाळाही महापालिकेच्याच. त्या पोरांपैकी पवनेच्या बसमध्ये बसणारी किती असतील? पालिकेच्या शिक्षण खात्याने आणि उद्यानाने मिळून एवढं करावं: सातवीतल्या प्रत्येक मुलामुलीला उद्यानात, तळ्यापासून लांब, बोरिवलीच्या बाजूला एक रात्र राहायला न्यावं. संध्याकाळी वनरक्षकाबरोबर चालवावं, पाड्यावरच्या एखाद्या आजीकडून वाघोबाची गोष्ट ऐकवावी, तिला त्याचं मानधन द्यावं. गाणी लावू नयेत. सकाळी कान्हेरीची टाकी दाखवावीत आणि वरच्या टेकडीवरून, लांबूनच, आपल्या नळाचं पाणी कुठून येतं ते दाखवावं. तंबू, सतरंज्या, खिचडी यांचा खर्च महापालिकेला जड नाही. पावसाळा संपला आहे, वाटा सुकल्या आहेत. याच डिसेंबरात चार शाळांपासून सुरुवात करता येईल.